पनवेल ते वाशी, साडेसातशे टाके

पनवेलहून सकाळी लोकल पकडणाऱ्याला एक सुख असतं. गाडी इथूनच सुटते, म्हणून बसायला मिळतं. महिलांच्या डब्यात जागा मिळाली की कुणी डोळे मिटतं, कुणी स्तोत्राचं छोटं पुस्तक काढतं, कुणी मटार सोलायला घेतं, आणि कुणाच्या पिशवीतून दोन सुया आणि लोकरीचा गुंडा बाहेर येतो. खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर करत गाडी वाशीला पोचायला साधारण अर्धा तास लागतो आणि तोवर कोपर हलवण्याइतकी जागा असते. खाडीचा पूल ओलांडून मानखुर्द येईपर्यंत डबा असा काही भरतो की सुया मुकाट्याने पिशवीत परत जातात. बऱ्यापैकी सराव असलेला हात मिनिटाला 25 टाके घालतो. अर्ध्या तासाचे झाले 750.

पण पनवेलला लोकर कशाला, असं कुणीही विचारील. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेल्या वर्षातला बराच भाग घाम पुसण्यात जातो. थंडीचे म्हणावेत असे दिवस डिसेंबर-जानेवारीत मोजून काही आठवडे. तरीही इथल्या घराघरांत विणकाम चालतं, आणि सगळ्यात हौसेने चालतं ते घरात लहान मूल असताना, म्हणजे हाताला क्षणाची उसंत नसते तेव्हा. हे कोडं सोडवायचं तर हवामानाचे आकडे बाजूला ठेवून अशा घरात एक दिवस बसून पाहावं.

तिथे वेळ सलग येतच नाही. बाळ झोपलंय तोवर 20 मिनिटं. वरणाचा कुकर होईपर्यंत 10. मोठी मुलगी चित्र रंगवतेय तोवर 7, आणि त्यातही दोनदा "आई, हे बघ." असल्या तुकड्यांत पुस्तक वाचून होत नाही, हिशेब लिहून होत नाही, शिवणयंत्र काढून मांडेपर्यंतच बाळ जागं होतं. विणकाम मात्र होतं.

ज्युडिथ ब्राऊन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1970 मध्ये 'अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिस्ट' या नियतकालिकात एक छोटंसं टिपण लिहिलं होतं. जगभरच्या समाजांत ठरावीक कामं बायकांकडेच का आली, हा त्यांचा प्रश्न. ताकद कमी म्हणून, हे उत्तर त्यांना पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की मूल सांभाळता सांभाळता जे काम होऊ शकतं, ते बायकांकडे येतं. अशा कामाची लक्षणंही त्यांनी सांगितली. ते काहीसं एकसुरी असतं, त्याला अखंड एकाग्रता लागत नाही, मुलाला त्यातून धोका नसतो, घरापासून फार लांब जावं लागत नाही आणि मुख्य म्हणजे ते कधीही थांबवून पुन्हा सहज सुरू करता येतं. पुढे 1994 मध्ये एलिझाबेथ वेलँड बार्बर या वस्त्र-पुरातत्त्वाच्या अभ्यासक बाईंनी याच धाग्याला धरून एक सबंध पुस्तक लिहिलं आणि सूतकताई व कापड विणणं हजारो वर्षं बायकांच्या हाती का राहिलं ते उलगडून दाखवलं.

दोन सुयांचं विणकाम या कसोटीवर जितकं चपखल बसतं तितकं क्वचितच दुसरं काही बसत असेल. बाळ रडलं की सुई अर्ध्यावर असली तरी खाली ठेवता येते. तासाने, दिवसाने, थेट पुढच्या महिन्यात उचलली तरी काम होतं तिथेच उभं असतं. पोळी करपते, कणीक सुकते, रंग वाळतात. टाके वाट पाहत थांबतात. त्यांना हे जमतं कसं, हे त्यांच्या रचनेत शिरल्याशिवाय कळत नाही.

मराठीत 'विणणं' हा शब्द मागावरच्या कापडालाही चालतो आणि सुयांवरच्या स्वेटरलाही. खरं तर ही दोन अगदी निराळी कामं आहेत. मागावर उभे आणि आडवे असे अनेक धागे एकमेकांच्या वरून-खालून जातात. सुयांवर मात्र एकच धागा असतो आणि तो स्वतःच्याच फाशांमधून पुढे पुढे ओढला जातो. जुन्या फाशातून नवा फासा पुढच्या बाजूला काढला की सुलट टाका, मागच्या बाजूला काढला की उलट. सुलट टाका पुढून इंग्रजी 'व्ही'सारखा दिसतो आणि मागून गाठीसारखा. म्हणजे उलट टाका हा सुलट टाक्याचाच पाठमोरा चेहरा. केबल, जाळी, डायमंड, मोराची वीण यांतलं काहीही घ्या, मुळात याच दोन हालचाली, थोडं वाढवणं, थोडं घटवणं आणि थोडी अदलाबदल.

विणलेलं कापड ताणतं ते या फाशांमुळे. ओढ बसली की धाग्याची लांबी वाढत नाही, फाशांचा आकार बदलतो: रुंद फासा उंच होतो, उंच फासा रुंद होतो, आणि ओढ सोडली की पुन्हा जागेवर येतो. एक सुलट-एक उलट अशी बॉर्डर का घालतात तेही यातच आहे. सुलट टाके पुढे येऊ पाहतात, उलट टाके मागे सरकतात, त्यामुळे कापड आडवं मिटतं आणि रबरासारखं उघडतं. बाळाच्या अंगातलं होजिअरीचं झबलं किंवा वडिलांचा टी-शर्ट डोळ्यांशी धरून पाहिला तर तेच बारीक 'व्ही' दिसतात. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने 1589 मध्ये मोजे विणायचं यंत्र बनवलं, त्या वंशातल्या यंत्रांवर आज तिरुपूरमध्ये आपल्या बनियनी आणि टी-शर्ट तयार होतात. टाका मात्र तोच राहिला.

ज्या घरात रांगतं मूल आहे तिथे एक प्रसंग कधी ना कधी घडतोच. आई दार उघडायला उठते, परत येते तेव्हा बाळाच्या हातात सुई असते आणि 80 टाके उघडे पडलेले असतात. पोटात गोळा येतो, पण नुकसान वाटतं तेवढं नसतं. सुई निघाल्याबरोबर टाके लगेच सुटत नाहीत. ओढ बसेपर्यंत फासे तसेच उभे राहतात, आणि लोकर जरा खरबरीत असेल तर अधिकच धीर धरतात. एखादा टाका गळलाच तर तो सरळ खाली उतरत जातो. प्रत्येक फासा वरच्या फाशाच्या आधाराने उभा असल्यामुळे वरचा सुटला की खालचा, मग त्याच्या खालचा, अशी शिडी तयार होते. शेजारच्या उभ्या ओळींना धक्का लागत नाही. क्रोशाची सुई त्या शिडीच्या सगळ्यात खालच्या फाशात घालून एकेक आडवी पायरी ओढून घेत वर यायचं. 2 मिनिटांचं काम. जाळीची वीण असेल तर हे अवघड जातं, म्हणून जाणत्या बायका दर 15-20 सुयांनंतर एका ओळीतून निराळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवतात. काही बिनसलं तर उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं. (विणणाऱ्यांच्या बोलीत 'सुई' म्हणजे अवजारही आणि एक ओळही. 'आज 10 सुया झाल्या' याचा अर्थ नवख्या माणसाला सांगावा लागतो.)

आता एका छोट्या स्वेटरचा हिशेब करू. मध्यम बारीक लोकर घेतली तर 10 सेंटिमीटर चौरसात साधारण 28 टाके आणि 36 ओळी बसतात, म्हणजे 1008 टाके. सहा महिन्यांच्या बाळाच्या स्वेटरची पाठ आणि छाती प्रत्येकी 25 बाय 27 सेंटिमीटर, दोन बाह्या प्रत्येकी 18 बाय 16 धरल्या, तर सगळे मिळून 19,000 हून थोडे अधिक टाके होतात. मिनिटाला 25 च्या गतीने हे जवळजवळ तेरा तासांचं काम झालं. इतका सलग वेळ छोट्या बाळाच्या आईबापांना वर्षभरात एकदाही मिळणार नाही. तेच काम पनवेल-वाशी अर्ध्या तासाच्या हप्त्यांत वाटलं तर 26 सकाळी लागतात. सुट्टीचे दिवस सोडले तरी महिन्याभरात स्वेटर अंगावर चढतो. बाळंतपणाची रजा संपून नोकरीवर परतलेल्या कितीतरी बायकांनी बाळासाठी पहिली वस्तू अशी गाडीतच पुरी केली आहे.

मूल मात्र थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांत मुलाच्या डोक्याचा मध्यम घेर जन्मताना 34.5 सेंटिमीटर, सहाव्या महिन्यात 43.3 आणि वर्षाअखेर 46.1 असा दिला आहे. मुलींचे आकडे किंचित कमी. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत जवळजवळ 9 सेंटिमीटर वाढ आणि पुढच्या सहांत 3 देखील नाही. टोपडं बसत नाही ही तक्रार म्हणूनच पहिल्या अर्ध्या वर्षातली असते. जन्मतः बरोबर बसेल असं विणलेलं टोपडं बारशापर्यंत टिकतं आणि मग आठवणीच्या डब्यात जातं. अनुभवी हात त्यामुळे तीन महिन्यांच्या मापाचं विणतात, घेर बॉर्डरच्या विणीत ठेवतात, आणि कडा दुमडून घालायची सोय करतात. स्वेटर असेल तर बाह्या लांब विणून मनगटाशी दुमडतात, किंवा गळ्यापासून खाली विणत येतात, म्हणजे मूल वाढलं की शेवटचे टाके उसवून आणखी 10 सुया घालता येतात.

आपल्याकडे हे सगळं बाळंतविड्यात एकत्र येतं. बाळ-बाळंतिणीसाठी माहेरहून, मावशी-आत्याकडून येणाऱ्या या भेटीत झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची यांच्या जोडीला लोकरीचे मोजे आणि स्वेटर मानाने असतो, मग गाव पनवेल असो की महाबळेश्वर. कुंची हा तर खास आपला प्रकार: डोकं आणि पाठ एकाच कापडाने झाकणारी, खांद्यांवरून खाली पसरणारी. ती बहुधा खणाची किंवा मऊ सुती कापडाची शिवतात, आणि हौशी आजी तिला लोकरीची किनार लावते. पाळण्यावर टांगायच्या रंगीत चिमण्याही क्रोशाने विणल्या जातात. मराठीत 'वीण' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, टाक्यांची रचना आणि, जनावरांच्या बाबतीत, प्रसूती. दोन्हींची व्युत्पत्ती वेगळी असेलही, पण बाळंतविड्याच्या पेटीपाशी ते शेजारी बसल्यासारखे वाटतात.

टोपड्यामागे शरीरशास्त्र आहे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं, म्हणजे उष्णता बाहेर जाण्याचं ते मोठं दार. मोठ्या माणसासारखं कुडकुडून ऊब निर्माण करणं बाळाला जमत नाही. त्याच्या खांद्यांमध्ये आणि मानेभोवती साठलेली खास तपकिरी चरबी जाळून ते तापमान राखतं. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाकडे ही चरबीही थोडीच. म्हणून जन्मल्याबरोबर बाळाला कोरडं करणं, आईच्या उघड्या छातीशी धरणं आणि डोक्यावर टोपी घालणं या गोष्टी साऱ्या जगात सांगितल्या जातात. बाळाचं शरीर 36.5 ते 37.5 अंश सेल्सियसच्या दरम्यान राहायला हवं.

मात्र ही गरज पहिल्या तासांची आणि अशक्त बाळांची आहे. एप्रिलच्या दुपारी पनवेलमध्ये धडधाकट बाळाला टोपडं, मोजे, स्वेटर चढवून दुपट्यात गुंडाळणं हे प्रेमाने केलेलं असलं तरी चुकीचं आहे. अंगावर घामोळं उठतं, बाळ किरकिरतं, आणि अति ऊब झोपलेल्या बाळाला घातक ठरू शकते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर पहिले काही तास सोडले तर घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपी नको आणि अंगावर सुटं पांघरूणही नको असं सांगते. बाळाला गरम होतंय की गार, हे हातापायांवरून कळत नाही, कारण ते एरवीही थंडच लागतात. मानेच्या मागे किंवा छातीला हात लावून पाहावा. विणलेलं टोपडं बारशाला घालावं, फोटो काढावेत, आणि झोपताना काढून ठेवावं. ज्या आजीने 3 आठवडे खपून ते विणलं तिला हे समजावून सांगणं नाजूक काम आहे, पण करायलाच हवं.

विणणाऱ्या आईबापांनी आणखी दोन-तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहायच्या असतात. हातमोज्याच्या किंवा पायमोज्याच्या आत लोंबणारा सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबतो. बोट सुजतं, बाळ कळवळून रडतं आणि कारण बाहेरून दिसत नाही. डॉक्टरांना हा प्रकार चांगला माहीत आहे. केसानेही असंच होतं. म्हणून दोन रंगांची नक्षी असलेले मोजे विणले तर आतले आडवे धागे आखूड ठेवावेत आणि घालण्याआधी मोजा उलटा करून पाहावा. गळ्याशी बांधायच्या नाड्या दिसायला गोड, पण युरोपातल्या बालकपड्यांच्या मानकाने लहान मुलांच्या कपड्यांना टोपीपाशी आणि गळ्यापाशी नाड्या लावायला मनाईच केली आहे, कारण त्या अडकतात आणि फास बसतो. विणलेल्या बाहुलीला मण्यांचे डोळे लावण्याऐवजी ते काळ्या लोकरीने भरावेत; मणी निघाला की तो तोंडातच जातो.

आता लोकरीबद्दल. दुकानात आपण 'लोकर' म्हणून जे मागतो ते बहुतेक वेळा मेंढीचं नसतंच, ॲक्रिलिक असतं, म्हणजे पेट्रोलियमपासून केलेला कृत्रिम तंतू. लुधियानाच्या वर्धमान, ओसवाल यांसारख्या नावांनी ते घरोघरी पोचलं. ते स्वस्त, रंगाला पक्कं, यंत्रात धुता येणारं आणि त्याला कसर लागत नाही. कपडे खाणाऱ्या पतंगाची अळी केराटिन या प्रथिनावर जगते. ते मेंढीच्या लोकरीत असतं, ॲक्रिलिकमध्ये नसतं. पण ॲक्रिलिक घाम फारसा शोषत नाही. खरी लोकर आपल्या वजनाच्या 30 टक्क्यांच्या आसपास बाष्प आत घेऊनही हाताला ओली लागत नाही, शिवाय बाष्प शोषताना थोडी ऊबही देते. पनवेलसारख्या दमट गावात बाळासाठी रोजच्या वापराला सर्वांत बरा सुती दोरा. तो कमी ताणतो, वजनाला जड पडतो, पावसाळ्यात वाळत नाही आणि त्याला बुरशीचे ठिपके पडतात, हे सगळं खरं. पण अंगाला गार लागतो आणि उकळत्या पाण्यात धुता येतो.

मेंढी महाराष्ट्रात नाही असं थोडंच आहे. दख्खनी मेंढीचे कळप पाळणारे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात, शेतांत मेंढरं बसवतात आणि पावसाआधी देशावर परततात. त्या मेंढीची लोकर जाड, काळपट आणि राठ. मऊ मेरिनो लोकरीचा तंतू 24 मायक्रॉनपेक्षा बारीक असतो. दख्खनी तंतू त्याहून बराच जाड आणि त्यात केसही मिसळलेले. बाळाच्या कातडीला तो टोचेल. म्हणून आपल्या लोकरीचा स्वेटर झाला नाही, तिचं घोंगडं झालं, जे मागावर विणलं जातं आणि भर पावसात मेंढपाळाला ऊब देतं. सुया आणि स्वेटर आपल्याकडे बाहेरून आले आणि आपल्या लोकरीशी त्यांची गाठ पडलीच नाही, याची हळहळ वाटते.

ते आले कुठून? सर्वात जुने खरे विणलेले मोजे इजिप्तमध्ये मिळाले, मध्ययुगातले, सुती, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे. तिथून ही कला अरबांबरोबर स्पेनला गेली; 1275 मध्ये वारलेल्या फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या थडग्यात अतिशय बारीक विणीची उशी सापडली आहे. सुमारे 1400 सालच्या, उत्तर जर्मनीतल्या बुक्सटेहुडेसाठी केलेल्या वेदीवर मास्टर बर्ट्राम यांचं एक चित्र आहे. त्यात मेरी चार सुयांवर एक छोटा अंगरखा विणते आहे, बाळ येशू पायाशी पुस्तक आणि खेळणं घेऊन आहे. मूल खेळतंय आणि आई विणतेय, हे दृश्य सहाशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला इतकं ओळखीचं होतं की त्याने ते देवाच्या आईला दिलं. आपल्याकडे दोन सुयांचं विणकाम मुख्यतः एकोणिसाव्या शतकात पसरलं, मिशनरी शाळांमधून आणि गोऱ्या मडमांकडून. मग मराठी मुलींच्या शाळांत शिवण-विणकामाचा तास आला आणि पुढे मासिकांतून नमुने घरी येऊ लागले.

त्या इंग्रजी वारशाची एक खूण दुकानात अजून भेटते. आपल्याकडे सुया जुन्या ब्रिटिश क्रमांकाने मागतात: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे 3.25, 12 नंबर आणखी बारीक. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलट. तिथली 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची आणि 10 ची 6 मिलिमीटरची. हल्लीच्या तरुण आया व्हिडिओ पाहून शिकतात, त्यात '8 नंबर' ऐकून नेहमीच्या दुकानातून 8 नंबर आणतात आणि एक वर्षाच्या मुलीचा स्वेटर तान्ह्याला होईल एवढाच निघतो. सुई नेहमी मिलिमीटरमध्ये विचारावी, आणि विणायला घेण्याआधी 10 सेंटिमीटरचा तुकडा विणून टाके मोजावेत. हा तुकडा विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण 19,000 टाके उसवण्यापेक्षा 1000 टाके बरे.

विणल्याने जीव शांत होतो, असं विणणाऱ्या सांगतात. जिल रायली, बेट्सन कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस यांनी जगभरातल्या 3,545 विणकरांना प्रश्न विचारून केलेली पाहणी 2013 मध्ये ब्रिटनच्या व्यवसायोपचार नियतकालिकात छापून आली. जे जास्त वेळा विणतात त्यांना शांत आणि आनंदी वाटल्याचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. ही उत्तरं विणकामाची आवड असलेल्यांनीच दिलेली आहेत, त्यामुळे औषधाच्या चाचणीसारखा त्यांचा अर्थ लावू नये. तरी एक गोष्ट समजण्यासारखी आहे. तान्ह्या बाळाच्या आईचं दिवसाचं काम संध्याकाळी पुन्हा शून्यावर येतं: धुतलेली दुपटी पुन्हा ओली, भरवलेलं बाळ पुन्हा भुकेलं. विणलेल्या 6 ओळी मात्र रात्री मोजल्या तरी 6 च भरतात.

बापांनीही हे करावं. पेरूमध्ये, टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर टोप्या विणतात ते पुरुष, आणि मुलगे लहानपणीच सुया हातात धरतात. युनेस्कोने 2005 मध्ये या बेटाच्या वस्त्रकलेला मानवतेचा वारसा म्हणून मान दिला. युरोपातही एके काळी विणकरांचे संघ पुरुषांचे होते. 1919 मध्ये श्टुटगार्टला सुरू झालेल्या पहिल्या वॉल्डॉर्फ शाळेत मुलगे-मुली शेजारी बसून विणायला शिकत, आणि त्या पद्धतीच्या शाळांत आजही पहिलीच्या सुमारास मुलांच्या हाती लोकर येते. घरी यासाठी शाळा लागत नाही. पाच वर्षांच्या मुलाला सुया देण्याआधी बोटांवर विणायला शिकवावं: चार बोटांभोवती लोकर नागमोडी गुंडाळायची, खालचा फासा बोटावरून उचलून मागे टाकायचा, की हाताच्या मागून लांबच लांब शेपूट निघत जातं. पावसाळ्यात शाळेला अचानक सुट्टी मिळाली आणि बाहेर वडाळे तलाव काठोकाठ भरला की घरात कोंडलेल्या मुलांना तासभर गुंतवणारं यासारखं दुसरं काही नाही.

त्याआधीच्या वयाला, तीन-चार वर्षांच्या मुलाला, एक काम पूर्वीपासून ठरलेलं आहे: दोन्ही हात पुढे करून लोकरीची लडी धरायची आणि आई गुंडा करत जाईल तसतसे हात डावीकडे-उजवीकडे झुलवायचे. ही लडी बऱ्याचदा नव्या लोकरीची नसते. मोठ्याला तोकडा झालेला स्वेटर उसवून धाकटीसाठी विणायचा, ही मराठी घरांतली जुनी रीत. विणकाम एकाच धाग्याचं असल्यामुळे शेवटचं टोक सापडलं की सगळा स्वेटर पुन्हा लोकर होतो. शिवलेल्या कपड्याच्या बाबतीत हे होत नाही, तिथे कात्री एकदा चालली की चालली. उसवलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी निघते, कारण प्रत्येक टाक्याने तिला आपला आकार दिलेला असतो. खऱ्या लोकरीतले सूक्ष्म बंध पाण्याने सैल होतात, म्हणून लडी करून कोमट पाण्यात भिजवली आणि खाली थोडं वजन टांगून वाळवली की ती सरळ होते. ॲक्रिलिक नुसत्या पाण्याला तितकं दाद देत नाही, त्याला वाफ दाखवावी लागते, तीही जपून, कारण जास्त उष्णतेने त्याची लवचीकता कायमची जाते.

जुलैत पनवेलच्या हवेत अशी लडी वाळायला 2-2 दिवस लागतात, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढतात. वर्षभर पेटीत राहिलेल्या स्वेटरला डांबराच्या गोळ्यांचा वास असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. जी6पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना हा धोका मोठा असतो आणि बाळाला ती आहे की नाही हे घरच्यांना सहसा माहीत नसतं. बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या कधीच ठेवू नयेत, आणि जुना कपडा निघालाच तर तान्ह्यापासून लांबच ठेवावा. कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा, अधूनमधून ऊन द्यावं. मग एखाद्या रविवारी धाकटीच्या मापाचे टाके चढतात. पहिल्या काही ओळी जरा खालीवर दिसतात, लोकरीत मोठ्याच्या स्वेटरच्या टाक्यांच्या लाटा अजून शिल्लक असतात म्हणून. पुरा झालेला स्वेटर पहिल्यांदा धुतला आणि टॉवेलवर आडवा पसरून वाळवला की त्या बऱ्याचशा बसतात.